गुहागर–विजापूर रस्ता : वारुंजी फाट्यावरून दोन्ही दिशांना

वारुंजी_फाटा

नमस्कार मंडळी,

मल्हारपेठेच्या अलीकडे, आमच्या शिवाराला लागून, साइडपट्टीवर किलोमीटरचा एक दगड होता. त्याचा माथा हिरवा होता आणि खाली पांढऱ्या रंगावर काळ्या अक्षरांत ‘पाटण १६’ असे लिहिलेले होते. हिरवा माथा म्हणजे राज्यमार्ग आणि पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हे वडिलांनी मला त्या दगडावर बसवूनच शिकवले. रुंदीकरणात तो उखडला गेला. आता तिथे पिवळ्या माथ्याचा नवा दगड उभा आहे आणि आमचा रस्ता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झाला आहे. गावातील माणसे मात्र अजूनही त्याला ‘चिपळूण रोड’च म्हणतात, विट्यातील लोक त्यालाच ‘कराड रोड’ म्हणतात, आणि जतमध्ये त्याचाच पुढचा तुकडा ‘विजापूर रोड’ होतो.

हा धागा काढण्याचे कारण असे की, गुहागर–विजापूर राज्यमार्ग हे नाव आपण सर्वांनी फलकांवर वाचले असले, तरी या रस्त्याचा सलग इतिहास कुणी एका जागी मांडलेला माझ्या वाचनात नाही. जुने पूल पाडले जात आहेत, मोऱ्या बदलल्या जात आहेत, वळणे सरळ होत आहेत. ज्यांनी हा रस्ता बैलगाडीच्या आणि खडीच्या काळात पाहिला, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. म्हणून ज्याला जो टप्पा ठाऊक आहे, त्याने तो लिहावा, अशी विनंती आहे.

सुरुवात मी मार्गापासून करतो. गुहागरहून निघालेला रस्ता चिपळूणला येतो, खेर्डी, अलोरे-शिरगाव, पोफळी असे करत कुंभार्ली घाट चढतो आणि घाटमाथ्यावर सातारा जिल्ह्यात शिरतो. पुढे हेळवाक, संगमनगर धक्का, येराड, पाटण, अडूळ, नवारस्ता, मल्हारपेठ, विहे, विजयनगर या क्रमाने तो वारुंजी फाट्यावर पुणे–बंगळूर महामार्गाला भेटतो. कराड शहर ओलांडून ओगलेवाडीवरून सुर्लीचा घाट चढला की सांगली जिल्हा लागतो. मग कडेपूर, कडेगाव, विटा, रेणावी, खानापूर, भिवघाट, नागज, शेगाव, जत, मुचंडी आणि त्यापुढे कर्नाटकची हद्द.

या मार्गाचा पश्चिमेकडील भाग कोयना नदीने ठरवला आहे, असे माझे मत आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत येते. आपल्याकडील बहुतेक नद्या उगमापासूनच पूर्वेला तोंड करतात. कोयना मात्र हेळवाकपर्यंत दक्षिणेला येते आणि तिथे जवळजवळ काटकोनात वळून पूर्वेकडे कराडच्या दिशेने निघते. कोकणातून घाट चढून आलेल्या माणसाला नेमके या वळणाशी नदीचे खोरे सापडते, आणि त्यानंतर कराडपर्यंत त्याला एकही डोंगर ओलांडावा लागत नाही. नदीच्या काठाने उतरत गेले की झाले. इतकी सोपी वाट निसर्गानेच आखून दिलेली असताना माणसांनी दुसरी शोधली नसती.

या वाटेवर नजर ठेवणारे किल्लेही त्याच क्रमाने उभे आहेत. घाटमाथ्याच्या अंगाला जंगली जयगड आहे, पाटणच्या डोक्यावर दातेगड आहे, ज्याच्या माथ्यावरील कातळात तलवारीच्या आकाराची विहीर खोदलेली आहे, आणि कराडजवळ तळबीडच्या वर वसंतगड आहे. तळबीड हे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे गाव. वसंतगड शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील मानला जातो, आणि औरंगजेबाने १६९९ मध्ये साताऱ्याकडे जाण्याआधी तो घेतला होता. मल्हारपेठेकडून कराडकडे येताना डाव्या हाताला वसंतगड किती वेळ सोबत करतो, हे एकदा मुद्दाम पाहावे. मग तो तिथेच का बांधला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पूर्वेकडील भागाबद्दल माझी माहिती तोकडी आहे. खानापूर, आटपाडी, जतकडील सदस्यांनी तो भाग लिहावा.


घाटमाथा

वारुंजी_फाटा, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझे वडील कोयना प्रकल्पावर नोकरीला होते आणि माझे बालपण पोफळीच्या वसाहतीत गेले. त्यामुळे घाटाच्या दोन्ही बाजू मला परिचयाच्या आहेत.

नदीने वाट आखली, हे आपले म्हणणे मान्य आहे. परंतु ती आजच्यासारखी अवजड वाहनांना पेलेल अशी झाली ती कोयना प्रकल्पामुळे, हे त्याला जोडावे लागेल. धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले. धरण पाटण तालुक्यात देशमुखवाडीला आणि वीजगृहे मात्र घाटाखाली पोफळीच्या परिसरात, अशी या प्रकल्पाची रचना आहे, कारण शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेला उतरवूनच वीज तयार करायची होती. म्हणजे एकाच प्रकल्पाची दोन टोके घाटाच्या वर आणि खाली होती आणि त्यांना जोडणारा रस्ता हाच होता. त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती १९९८ मध्ये. त्यामुळे जड यंत्रसामग्रीसाठी कराड हेच जवळचे स्थानक होते. वडील सांगत की, मोठे नग घेऊन निघालेली वाहने कराडहून घाटमाथ्यापर्यंत माणसाच्या चालीने येत आणि अवघड वळणांवर पुढे-मागे माणसे उभी करून, इंच-इंच फिरवून ती खाली नेली जात. कोणत्या वळणावर किती वेळ लागला, हे त्यांना अखेरपर्यंत आठवत होते.

प्रकल्पाची स्थापित क्षमता पुढे टप्प्याटप्प्याने १९६० मेगावॉटपर्यंत गेली. चौथ्या टप्प्यासाठी मार्च १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतले गेले, ते ‘लेक टॅपिंग’ अनेकांना आठवत असेल. या सगळ्या काळात रस्ता रुंद झाला, वळणे कापली गेली, संरक्षक कठडे आले. घाटाची जी देखभाल होत राहिली, तिच्यामागे फळे, मासळी आणि एसटी यांच्याइतकीच वीजगृहांची गरज होती, असे मी समजतो.

आणखी दोन गोष्टी लिहितो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.५ च्या आसपास होती आणि सुमारे १८० माणसे दगावली. कोयनानगरची घरे जमीनदोस्त झाली होती. मदत आली ती कराड-पाटणकडून, याच रस्त्याने. माझ्या आईला त्या दिवसाची आठवण आहे ती आवाजाची : आधी जमिनीखालचा गडगडाट, आणि मग उजाडल्यापासून थेट रात्रीपर्यंत रस्त्यावरून चाललेल्या गाड्यांचा आवाज.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची आहे. जुलै २०२१ च्या २२ आणि २३ तारखांना चिपळूण पुराखाली गेले आणि त्याच रात्री पाटण तालुक्यात मिरगाव, ढोकावळे आणि आंबेघर येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. घाटाखालच्या आणि घाटावरच्या लोकांना एकमेकांची सर्वांत जास्त गरज असताना मधली वाट धोक्याची झाली होती. घाट बंद झाला की आमच्याकडे काय होते, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. अलोरे-शिरगावचा माणूस मोठ्या दवाखान्यासाठी कराडला जातो. त्याच्यासाठी चिपळूण रोड म्हणजे घाटमाथ्यावरून येणारा श्वास आहे.


जुनी_दप्तरे

लेख आणि पहिला प्रतिसाद, दोन्ही वाचले. एक दुरुस्ती आधीच सुचवतो, कारण पुढे कुणीतरी ती गोष्ट लिहील आणि मग ती पसरत जाईल. ‘गुहागर–विजापूर’ या नावावरून अनेक जण असे गृहीत धरतात की, हा आदिलशाहीचा बंदर ते राजधानी असा सलग राजमार्ग होता. मला ही मांडणी घाईची वाटते.

त्यात खरे काय आहे, ते आधी सांगतो. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले दाभोळ हे मध्ययुगातील मोठे बंदर होते. ते बहमनींच्या आणि त्यांच्यानंतर आदिलशाहीच्या ताब्यात राहिले. दाभोळहून माल लहान गलबतांत भरून खाडीने वर गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या दारापर्यंत येत असे. तिथून बैलांच्या पाठीवर लादून तो घाट चढत असे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. धान्य, गूळ, कापड खाली जायचे. घाटावरची या व्यापाराची पेठ कऱ्हाड होती, आणि कऱ्हाड हे फार जुने गाव आहे. भारहूतच्या स्तूपावरील लेखांत ‘करहाकट’ येथील दात्यांचा उल्लेख येतो, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांची दाने मध्य भारतापर्यंत पोहोचत होती. आगाशिवच्या डोंगरातील साठाहून अधिक बौद्ध लेणी याच गावाच्या संपन्नतेची साक्ष देतात. तेव्हा चिपळूण ते कऱ्हाड ही वाट प्राचीन आहे, याबद्दल माझा आक्षेप नाही.

आक्षेप पुढच्या अर्ध्या भागाबद्दल आहे. कऱ्हाडहून विजापूरला जाणाऱ्या लमाणांच्या तांड्याने सुर्लीचा घाट चढून खानापूरच्या कोरड्या पठारावरून जाण्याचे कारण काय? बैलाला रोज पाणी आणि चारा लागतो. कृष्णेच्या काठाने मिरजेपर्यंत उतरून मग पूर्वेला वळणे त्याला सोयीचे होते, आणि मिरज हे आदिलशाहीचे महत्त्वाचे ठाणेही होते. शिवाय गुहागर हे या व्यापाराचे बंदर नव्हतेच. दाभोळ खाडीच्या उत्तर तीरावर आहे आणि गुहागर तालुका दक्षिणेला. म्हणून मी असे म्हणेन की, ‘गुहागर–विजापूर’ हे बांधकाम खात्याच्या नकाशावर जन्मलेले नाव आहे. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी झालेले चार-पाच रस्ते एका क्रमांकाखाली बांधले गेले आणि त्यांना हे नाव मिळाले. रत्नागिरीचा १८८० चा आणि साताऱ्याचा १८८५ चा गॅझेटियर चाळला, तर कुंभार्ली हा गाडीवाटेचा घाट म्हणून भेटतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत पुणे–मिरज रेल्वे कराडजवळून गेली आणि देशावरचा माल चिपळूणऐवजी रेल्वेने मुंबईला जाऊ लागला. घाटाचे महत्त्व तेव्हा उतरले आणि, घाटमाथा यांनी लिहिल्याप्रमाणे, कोयनेमुळे पुन्हा चढले. रस्त्यांनाही चढ-उतार असतात, आणि ते नावावरून नव्हे तर वाहतुकीवरून ओळखावे लागतात.

जाता जाता एक नोंद. १९४९ पर्यंत कडेगाव, विटा, खानापूर हा सगळा भाग सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. जत हे मात्र डफळ्यांचे संस्थान होते आणि ते १९४८ मध्ये विलीन झाले. त्यामुळे जुनी कागदपत्रे शोधणाऱ्याने विट्यापर्यंतचा रस्ता साताऱ्याच्या दप्तरात शोधावा आणि जतचा तुकडा संस्थानाच्या.


वारुंजी_फाटा

जुनी_दप्तरे, आपली दुरुस्ती पटली. मूळ लेखात मी ‘सलग इतिहास’ असे लिहिले आहे, ते ‘तुकड्या-तुकड्यांचा इतिहास’ असे वाचावे. मिरजेच्या वाटेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मात्र मग सुर्ली ते भिवघाट हा तुकडा कुणी आणि कशासाठी बांधला, हा प्रश्न उरतोच. त्या भागातील कुणी वाचत असेल तर कृपया लिहावे.


येरळाकाठ

मी विट्याचा आहे. हा प्रश्न वाचून काल रात्री आईशी बोललो आणि आज लिहायला बसलो आहे. थोडे सविस्तर लिहितो.

आधी आमच्या बाजूचे रूप सांगतो. कराडहून सुर्लीचा घाट चढून आले की हवाच बदलते. कोयनानगरला वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कराडला तो सातशेच्या आसपास येतो आणि जतकडे जाईपर्यंत पाचशेवर. कडेपूरला डोंगराईचे देवस्थान, कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत, ज्यांच्या भेटी पाहायला सर्व जातिधर्मांची माणसे लोटतात, आणि दक्षिणेला थोडे आत गेल्यावर यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. विट्याच्या अलीकडे येरळा ओलांडावी लागते. माझ्या लहानपणी ती वर्षातले बहुतेक महिने वाळूचीच होती. विट्याच्या पुढे रेणावीला रेवणसिद्धाचे देऊळ आहे, आणि तिथून चढ चढून गेले की खानापूरचे पठार. बाहेरच्यांना नेहमी चकवणारी एक गोष्ट म्हणजे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण खानापूर नसून विटा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडचा रस्ता कुणी बांधला, तर दुष्काळाने बांधला, असे उत्तर माझी आई देते.

तिचे माहेर पठारावरचे. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची होती. विहिरींनी तळ गाठले होते, जनावरे बाजारात मातीमोल गेली होती आणि तिच्या वडिलांनी खिलार बैलजोडी विकली त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. पुढे दुष्काळी कामे निघाली. कुठे पाझर तलाव, कुठे नालाबांध, आणि आमच्या बाजूला रस्त्याची खडी. सकाळी भाकरी बांधून घ्यायची, चार-पाच किलोमीटर चालत कामावर जायचे, उन्हात बसून हातोडीने दगड फोडायचे आणि संध्याकाळी खडीचा ढीग रचून ठेवायचा. ढीग मोजायला मुकादम येई. लाकडी चौकट लावून ब्रासाचा हिशोब होई आणि त्याप्रमाणे हजेरीपटावर मजुरी मांडली जाई. खडीचा आकार ठरलेला असे. मोठी खडी निघाली तर ढीग मोडून पुन्हा फोडावा लागे. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर आजही हातोडीची खूण आहे. दुपारी कामावर सुकडी वाटली जायची, आणि घरी खायला रेशनवरची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. मिलोच्या भाकरीला चव नव्हती, ती थापताना चिरायची, असे ती सांगते आणि पुढे म्हणते की, पण त्या भाकरीने आम्हाला जगवले.

रोजगार हमी योजनेचा उगम याच मातीत आहे, हे इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूरला, मागेल त्याला काम देण्याचा पहिला प्रयोग केला होता. दुष्काळानंतर त्याचा राज्यभर विस्तार झाला आणि १९७७ मध्ये कायदा झाला. विसापूर आमच्या रस्त्यावर नाही, पण त्या विचारातून जी कामे पुढे निघत राहिली, त्यांत इथले रस्ते होते. तेव्हा पश्चिमेकडचा अर्धा रस्ता पाणी फार होते म्हणून मोठा झाला आणि पूर्वेकडचा अर्धा पाणी नव्हते म्हणून झाला, असे मला हा धागा वाचताना जाणवले.

रस्ता झाला आणि त्याच रस्त्याने आमची माणसे बाहेर गेली. खानापूर, आटपाडी आणि आसपासच्या तालुक्यांतील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणारे कारागीर, आज देशातील बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. माझे दोन मामा दक्षिणेत हाच व्यवसाय करतात. पठारावरच्या कित्येक गावांत बंगले मोठे आहेत आणि आत राहायला एक म्हातारी. यात्रेला आणि दिवाळीला त्या घरांतून दिवे लागतात.

शेवटी टेंभूबद्दल. कराडच्या खाली टेंभू गावाजवळ कृष्णेवर बंधारा आहे. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म ज्या टेंभूत १८५६ मध्ये झाला, तेच हे गाव. तिथून पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी आणि त्यापुढील भागाला दिले जाते. पहिल्यांदा पाणी आले तेव्हा आईला गाडीत बसवून कालव्यावर नेले होते. ती पायरीवर बसून बराच वेळ पाण्यात हात घालून होती. पाटणवरून वाहत येणारी कोयना प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तेच पाणी खाली टेंभूवरून आमच्याकडे चढते, म्हणजे वारुंजी_फाटा यांच्या शिवाराजवळून गेलेले पाणी आमच्या शेतात येते.


घाटमाथा

येरळाकाठ, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. आपले लिखाण वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

पाण्याच्या मुद्द्याला एक गोष्ट जोडतो, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. शिवसागराची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातील वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. ते पाणी वीज देऊन वाशिष्ठीला मिळते आणि समुद्राला जाते. बाकीचे धरणाच्या पायथ्याशी सोडले जाते आणि ते कराडला येते. त्यामुळे पूर्वेकडे दुष्काळ पडला की पोफळीच्या वीजगृहांकडे बोट दाखवले जाते, आणि कोकणात पूर आला की तेच बोट पुन्हा तिकडेच वळते. मी बाजू घेत नाही. ज्यांची घरे-शेते या धरणाखाली गेली, त्या कोयनाखोऱ्यातील लोकांना सोलापूर, सांगली, ठाणे अशा दूरच्या मुलखांत पाठवले गेले आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत. या रस्त्यावर कुणाचा काय हक्क, हे बोलताना पहिले नाव त्यांचे घ्यावे.


कऱ्हाडपेठ

कराडचा मधला टप्पा कुणीच लिहिला नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो. वारुंजी फाट्यावरून शहरात शिरताना कोयना ओलांडावी लागते आणि शहरातून ओगलेवाडीकडे निघताना कृष्णा. या दोन पुलांच्या मधली जागा म्हणजे कऱ्हाडची पेठ, आणि दोन्ही नद्या जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांची समाधी आहे. ओगलेवाडीचे नाव तिथल्या काच कारखान्यामुळे पडले. त्या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला होता. आमच्या दुकानात आजोबांच्या काळातील एक अजून जपून ठेवला आहे. कराडचे रेल्वे स्थानकही त्याच बाजूला आहे, म्हणजे कोयनेची यंत्रे उतरली ती शहराच्या पूर्वेला आणि गेली पश्चिमेला. त्यांना दोन्ही नद्या ओलांडाव्या लागल्या असणार.

आमचे दुकान चिपळूण रोडवर असल्याने एक गोष्ट रोज दिसते. पहाटे चारच्या सुमारास बर्फात भरलेल्या मासळीच्या गाड्या खालून येतात आणि एप्रिल-मे मध्ये त्यांच्या मागोमाग आंब्याच्या पेट्या. उलट दिशेने भाजीपाला, कांदा, साखर, कोंबड्या. कराड–चिपळूण रेल्वेची चर्चा मी लहानपणापासून ऐकतो आहे. ती झालेली नाही, आणि तोवर हा सगळा भार घाटानेच वाहायचा आहे.


वारुंजी_फाटा

कऱ्हाडपेठ, पुलांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याबद्दल आभार.

रुंदीकरणाबद्दल माझा स्वतःचा अनुभव इथे लिहितो. आमच्या गावालगत काम चालू असताना एका बाजूची साइडपट्टी खोदून ती दोन पावसाळे तशीच ठेवली गेली. फलक नव्हते, रात्री परावर्तक नव्हते. माझ्या चुलत भावाची दुचाकी त्या चरात गेली आणि त्याचा पाय कायमचा आखडला. तक्रार कुठे करायची, हे विचारत आम्ही ठेकेदाराकडून कार्यालयाकडे आणि कार्यालयाकडून ठेकेदाराकडे फिरत राहिलो. रस्ता मोठा व्हावा, असे मलाही वाटते. परंतु काम चालू असतानाचा रस्ता हाही रस्ताच असतो आणि त्यावरून त्या दिवशीही माणसे जात असतात.

झाडांचेही तसेच. वडाच्या कमानीखालून जाणारा आमचा पाटणपर्यंतचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आताचा उजेड डोळ्यांना लागतो. नागजला आपला रस्ता ज्या रत्नागिरी–नागपूर महामार्गाला छेदतो, त्याच महामार्गावर मिरज तालुक्यातील भोसे येथे २०२० मध्ये लोकांनी जुना वटवृक्ष वाचवण्यासाठी आवाज उठवला आणि आखणीत बदल झाला. म्हणजे मनावर घेतले तर होते. आमच्याकडे आम्ही वेळेत बोललो नाही, ही खंत मला आहे.


जत_सीमा

जतकडून कुणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. मी शिक्षक आहे आणि माझी शाळा मुचंडीच्या बाजूला आहे.

नागज सोडले की जमीन सपाट होत जाते, माती हलकी होते आणि दृष्टी पोहोचेल तिथपर्यंत मोकळे रान दिसते. जतला यल्लमा देवीची मोठी यात्रा भरते आणि तिच्यात जनावरांचा बाजार असतो. खिलार पाहायला कर्नाटकातूनही शेतकरी येतात. मुचंडीच्या पुढे दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या शेजारी कानडी दिसू लागते. माझ्या वर्गातील निम्मी मुले घरी कानडी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. त्यांना अंतर विचारले तर ती विजापूरचे सांगतात, सांगलीचे नाही, कारण मोठ्या बाजाराला, दवाखान्याला त्यांचे घर विजापूरला जाते.

जुनी_दप्तरे यांचे म्हणणे खरे आहे. या रस्त्याने गुहागरहून विजापूरला सलग गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. गेल्या वर्षी मात्र आम्ही सहावी-सातवीच्या मुलांना एसटीने कोयनानगरला सहलीला नेले. सकाळी निघालो तेव्हा उघडे माळरान होते. दुपारी पाटणच्या पुढे डोंगर हिरवे झाले आणि मुले खिडक्यांकडे धावली. धरणाची भिंत पाहून एका मुलीने विचारले की, गुरुजी, हे पाणी आपल्याकडे का येत नाही? मी तिला कराड, टेंभू, म्हैसाळ, पंप, चढ असे सगळे फळ्यावर आकृती काढून दुसऱ्या दिवशी समजावले. म्हैसाळ योजनेचे पाणी आमच्या तालुक्याच्या काही गावांत आले आहे, काही गावे अजून वाट पाहत आहेत. तिचे गाव वाट पाहणाऱ्यांत आहे.


जुनी_दप्तरे

जत_सीमा, आपण ती आकृती छायाचित्र काढून इथे लावली तर बरे होईल. वारुंजी_फाटा यांना विनंती की, जुन्या पुलांची आणि मोऱ्यांची यादी गावांच्या क्रमाने करावी. बांधकामाची तारीख कोरलेला दगड कुठे शिल्लक असेल, तर त्याचा फोटो घ्यावा. मी पुढच्या महिन्यात कराड ते हेळवाक हा टप्पा स्वतः पाहणार आहे. येरळाकाठ, आपल्या मातोश्रींना त्यांनी काम केलेली नेमकी जागा आठवत असेल, तर ती विचारून ठेवावी.


येरळाकाठ

विचारली, आणि रविवारी तिला घेऊन जाऊनही आलो. रेणावीचा चढ संपून खानापूरकडे निघाले की उजव्या हाताला तिसरी मोरी. नव्या कामात तिथे काँक्रीटची चौकोनी मोरी बसवली आहे, परंतु ओढ्याच्या खालच्या अंगाला जुन्या मोरीची दगडी बाजूभिंत अजून उभी आहे. आई खाली उतरली आणि तिने दोन-तीन दगडांवर हात फिरवला. ते घडीव दगड पाथरवटांनी बसवले होते, तिच्या टोळीने फोडलेली खडी वरच्या रस्त्यात गेली, असे तिने स्पष्ट केले. तिच्या टोळीत अकरा जणी होत्या. त्यांतील चौघी आज हयात आहेत आणि तिघी पठारावरच राहतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाणार आहे. मोरीचे फोटो आज रात्री लावतो.